हडपसरच्या शेडमधली होडी

हे मला बघायला आले होते तेव्हा दहा मिनिटांत चहा पिऊन, एकही प्रश्न न विचारता गेले होते. होडी बघायला निघताना मात्र पिशवीत मोजपट्टी, विजेरी, छोटा आरसा आणि चार पानांची प्रश्नावली! प्रत्येक प्रश्नापुढे गुणांची चौकट. कर्वेनगर ते हडपसर रिक्षात त्यांनी ती मला दोनदा वाचून दाखवली.

खडकवासल्याच्या पाण्यावर आम्ही दोघं शिडाची होडी चालवायला शिकलो, त्याला तीस वर्षं झाली. निवृत्तीनंतर हर्णैपासून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, प्रत्येक खाडीत मुक्काम करायचा, हे तेव्हाच ठरलं होतं. निवृत्ती आली आणि पाठोपाठ यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. तो वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. गेलो तर याच हिवाळ्यात, नाहीतर कधीच नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बोलत मात्र कोणीच नव्हतं.

होडीचा मालक मूळचा तिथलाच शेतकरी. जमीन बिल्डरला दिल्यावर हौसेने होडी घेतली, ती दोनदाच पाण्यात गेली. "बायकू बसंना," तो म्हणाला. "हाय तशी घ्या. पर बगून घ्या."

हे बघतच होते. बुडावर टिचक्या मारल्या, आरसा घालून सांधे तपासले, शीड उलगडून शिवण बघितली. होडी गुडघाभर पाण्यातही तरंगेल अशी. कोकणात खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचते, तिथे अशीच लागते; ओहोटीला चिखलात सरळ बसते, कलंडत नाही. तिच्या बुडाखाली एक जड फळी असते. खोल पाण्यात ती खाली सोडायची, म्हणजे होडी वाऱ्याने बाजूला वाहवत नाही. उथळात आलं की दोरीने वर ओढून घ्यायची. नऊ, आठ, नऊ. मी गुण लिहीत होते आणि मूर्खासारखी खूश होत होते.

शेवटचा प्रश्न फळीचा. होडीवरचं प्रत्येक काम एकट्याला जमलं पाहिजे, हा यांचा जुना नियम. दुसरा पाण्यात पडला तर? यांनी दोरी धरली. ठोकळ्यांवर ठेवलेल्या होडीखालची फळी वीतभर वर गेली, हात थरथरला, दोरी सुटली. फळी धाडकन खाली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मालकाने मान वळवली. त्याचा तो चांगुलपणा मला सहन झाला नाही.

"तू बघ," हे म्हणाले.

मी ओढून बघितली. जड होती, पण येत होती. यांच्यादेखत, परक्या माणसासमोर मी ती सरसर वर घेणार होते? मी दात आवळले, कण्हले आणि दोरी सोडून दिली. "छे! मलाही नाही जमत."

"अवो, मी येका हातानं वडतो की," मालक म्हणाला.

"तुम्ही येणार आहात का आमच्याबरोबर?" हे म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "लिही. शून्य."

परतताना गाडीतळाच्या सिग्नलला रिक्षा अडकली.

"माझा हात गेला हे मला माहीत आहे," हे बाहेर बघत म्हणाले. "तो प्रश्न माझ्यासाठी नव्हताच. तुला एकटीला जमलं असतं तर आज विसार देऊन आलो असतो. तू चालवली असतीस, मी नुसता बसलो असतो."

"अहो, मला जमत होतं! मी मुद्दाम सोडली. परत चला, आत्ता ओढून दाखवते."

हे हसले. "माझ्या हातून चहा सांडला की तू कपच गळका म्हणतेस. मला कळत नाही का? आज ओढशील माझ्यासाठी, कंबर मोडून घेशील. समुद्रात ती दिवसातून दहादा ओढायची असते. राहू दे आता."

मी रिक्षावाल्याला मागे वळवायला सांगितलं. हे म्हणाले, सरळ घ्या. सिग्नल सुटला आणि त्याने यांचं ऐकलं.