साठावा हप्ता

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी आत्याच्या पोस्टातल्या आरडीची मुदत संपली आणि पैसे तिच्या खात्यावर जमा झाले. त्याच दिवशी दुपारी चार वाजता तपासण्यांचे अहवाल पाहून डॉक्टरांनी तिला सांगितले की गाठ पसरली आहे. दोन्ही वेळा मी तिच्याबरोबर होते.

आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, खेडला पोस्टाची बचत एजंट होती. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती आमच्या घरी परत आली. बाबा मुंबईला एका गोदामावर रखवालदार होते. घरी आई, आत्या आणि मी. रोज सकाळी ती एसटीने आसपासच्या वाड्यांवर जाई, घरोघरचे आरडीचे हप्ते गोळा करी आणि दुपारी पोस्टात भरी. नवीन घरात गेल्यावर "महिन्याला किती भरणार?" असे तिने कधी विचारले नाही. पडवीत टेकायची, पाणी प्यायची आणि विचारायची, "पोर कितवीत आहे?" उत्तर ऐकून बोटांवर वर्षे मोजायची. मग रक्कम ती स्वतःच सांगायची.

"पैसे चार तऱ्हेचे असतात गो," ती मला सांगे. "पाळण्याचे, पाटीचे, लग्नाचे नि गुडघ्याचे. ह्याचे त्याला लावलेस की कुणाचंच धड होत नाही." शिष्यवृत्तीवर तिचा भरवसा नव्हता. "ती सासरच्या पाहुण्यासारखी. येते, पण पंगत उठल्यावर." तरी वाडीतल्या प्रत्येक मुलीचा अर्ज तीच भरून घेई, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांना मे महिन्यातच तहसील कचेरीत पिटाळी. जूनमधली रांग तिला ठाऊक होती.

आई एकदा भाजी निवडताना म्हणाली, "सगळ्यांचं केलंत, वन्सं. तुमचे गुडघ्याचे कुठे आहेत?"

"अजून चालतायत ना. चालू देत."

एका घरच्या माणसाला मुलीची आरडी मोडून मोटारसायकल घ्यायची होती. आत्या त्याच्या दारात तासभर बसून राहिली. मी सुट्टीत तिच्याबरोबर फिरत असे, म्हणून ते ऐकले.

"पैसे माझे, ताई. तुझं काय जातंय?" तो म्हणाला.

"माझं काय जाणार? तिचं कॉलेज जातंय. गाडी घ्या हो भाऊ, पण पोरीच्या पाटीवर बसून फिरू नका."

आतून त्याच्या बायकोचे हसू ऐकू आले. गाडीचा विषय तिथेच थांबला.

पण हीच आत्या एकदा आरडी मोडायचा फॉर्म घेऊन स्वतः धावत गेली होती. आमच्या शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली, तेव्हा काकूंना मुलाची आरडी मोडायला धीर होईना. एक वर्षच उरले होते, व्याजही कमी मिळणार होते. आत्याने फॉर्म भरला आणि काकूंच्या हातात पेन दिले. "कर सही. माणूस राहिला तर पाटी परत घेता येते." काका अजून आहेत.

माझ्यासाठीची आरडी तिने माझ्या दहावीच्या निकालानंतर स्वतःच्या नावावर उघडली. महिन्याला पाचशे रुपये, पाच वर्षे, साठ हप्ते. तिचा हिशेब सरळ होता. अकरावी, बारावी आणि बी.ए.ची तीन वर्षे मी खेडलाच शिकेन, आणि मुदत संपेल तेव्हा एम.ए.ला पुण्याला जाईन. वसतिगृहाचे आणि फीचे पैसे तेव्हा हातात असतील. मला पुस्तकांत राहायचे होते. घरात ते तिच्याइतके कुणालाच कळले नव्हते.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. भाताची झोडणी चालू होती. संध्याकाळी तिच्या पाठीला तेल लावताना काखेत माझ्या बोटांना गाठ लागली.

"कधीपासून आहे ही?"

"असेल गणपतीपासून. दुखत नाही. वहिनीला सांगू नकोस, ती रडत बसेल."

"डॉक्टरला दाखवू या."

"दाखवू ना. एकदा दाखवलं की थांबत नाही ते. तपासण्या, मुंबईच्या खेपा. उपचार सरकारी योजनेत होतात म्हणे, पण खेपा कोण योजनेत घालतो? माझं फिरणं बंद झालं तर तुझे हप्ते कोण भरील? सात राहिलेत. जून होऊ दे."

तेव्हा मी तिला तिचेच वाक्य सांगू शकत होते. काकूंच्या हातात पेन देताना ती काय म्हणाली होती, ते मला शब्दन् शब्द आठवत होते. आरडी मोडता आली असती. तिची सही आणि एक फॉर्म, एवढेच लागत होते, आणि फॉर्म घरातच होते. मी तेलाची वाटी उचलली आणि म्हणाले, "बरं. जूनमध्ये नक्की." त्या आठवड्यात मी पुण्याच्या विद्यापीठाचे माहितीपत्रक मागवले होते. गाठ लागली तेव्हाही मी त्याचाच विचार करत होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

त्या सात महिन्यांत तिने एकही हप्ता चुकवला नाही. मार्चनंतर तिचा उजवा हात वर जात नसे. ती डाव्या हाताने एसटीची दांडी धरी.

डॉक्टरांकडून बाहेर आल्यावर ती दवाखान्याच्या बाकावर बसली. मी म्हणाले, "मी नाही जात पुण्याला. पैसे तुझ्या औषधाला."

"त्यांनी काय सांगितलं ते ऐकलंस ना? आता ते पैसे मला लावून काय होणार आहे?" ती चिडलेली नव्हती. कुणाच्या ओट्यावर बसून समजावावे तसे बोलत होती. "तेव्हा मोडले असते तर गोष्ट वेगळी. माझा हिशेब चुकला गो बाय. तुझा नको चुकायला."

हिशेब तिच्या एकटीचा नव्हता, हे मला तेव्हाही बोलता आले नाही.

बाबांनी कर्ज काढून तिला मुंबईला नेले. चार महिने उपचार झाले. मी पुण्याला होते. शनिवारी फोनवर ती फक्त मेसच्या जेवणाबद्दल विचारी. नोव्हेंबरात ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला वाड्यावाड्यांवरून बायका आल्या. बऱ्याच जणींनी आपापली पासबुके आणली होती, पुढे कुणाकडे द्यायची ते विचारायला.

तिच्या पैशांत माझे पहिले वर्ष पार पडले. दुसऱ्या वर्षाचे मी शिकवण्या करून भागवले. पुढे ग्रंथालयशास्त्र शिकले, आणि आता खेडच्याच एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. बाबांचे कर्ज गेल्या वर्षी फिटले आणि ते मुंबई सोडून घरी आले. महिन्याच्या एक तारखेला माझा पगार होतो. घरात आम्ही तिघे आहोत, आई, बाबा आणि मी.