कॉलर उलटवण्याआधी

सेकंदकाका घड्याळ गळ्यात अडकवत. लिफ्टचं दार मिटण्याआधी ते "सहा" म्हणत, आणि दार सहालाच मिटे. चहा निवायला नव्वद देत. पेन्सिलीला दोन्हीकडून टोक काढत. कुणी "एक मिनिट थांबा" म्हटलं, की खरंच एक मिनिट थांबत आणि चालू लागत.

शर्टांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं वेळ मोजत होते. कारागिराच्या मागे उभं राहायचं, स्टॉपवॉच दाबायचं, एका कामाला किती सेकंद लागले ते वहीत मांडायचं. त्या आकड्यावरून दिवसाचे नग ठरत. त्यामुळे पाठीमागे त्यांचा उद्धार चालायचा. त्यात त्यांची सख्खी धाकटी बहीण सर्वांत पुढे. ती कॉलर शिवायची.

"दादा, तू मागे उभा राहिलास की सुईसुद्धा आवंढा गिळते," ती म्हणायची. "बायकोलासुद्धा चिमटीनं सेकंद देत असशील."

काका हसत नसत. काम संपून कारागिराचा हात सुटला, की ते एक श्वास सोडत आणि मगच बटण दाबत. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कॉलर अडतीस सेकंदांत व्हायची. वहीत बेचाळीस पडायचे. धाकटीला एक्केचाळीस लागत.

यंदा प्रत्येक टेबलावर वेळ मोजणारा कॅमेरा बसला. आठवड्याभरातच नव्या मॅनेजरनं काकांना बोलावलं. पोरगा सालस होता. त्यानं खुर्ची पुढे केली.

"काका, तुमच्या प्रत्येक आकड्यात चार सेकंद जास्त आहेत. घड्याळ बिघडलंय का?"

"नाही."

"मग हे चार कसले?"

काका गळ्यातलं घड्याळ पुसू लागले. मॅनेजर म्हणाला, "मला कारणं लिहून द्या. प्रत्येक सेकंदाचं. पटलं तर ठेवतो. आता वेळ दर आठवड्याला नव्यानं निघणार. जो सगळ्यात जलद, त्याच्यावरून. दोन आठवडे कुणी मागे पडलं, तर टेबल दुसऱ्याला जातं."

काकांनी अकरा कारणं लिहिली. शुक्रवारी मॅनेजरनं ती वाचली. घाम पुसणं: पंखा लावू. मान मोडणं: खुर्ची बदलू. दोरा ओवणं: नवं मशीन स्वतःच ओवतं. त्यानं एकेक ओळ अदबीनं खोडली. अकराव्या ओळीवर पेन थबकलं.

"कॉलर उलटवण्याआधी हातात धरून बघते. म्हणजे काय?"

"धाकटी बघते. टोक वाकडं असेल तर तेव्हाच कळतं. उलटवल्यावर उसवावं लागतं. वीस वर्षांत तिचा एक नग परत आला नाही."

"किती वेळ बघते?"

काकांनी ते कधी वेगळं मोजलंच नव्हतं.

"मोजून आणा," मॅनेजर म्हणाला. "सोमवारी नव्या वेळांची यादी लागेल. एवढं एक ठेवता येईल."

रविवारी सकाळी काका वही घेऊन बहिणीकडे गेले. ती घरच्या मशीनवर बसली होती. शेजारी कापडाच्या चिंध्यांचा ढीग, भिंतीला टेकवलेला मोबाईल, त्यात आकडे पळत होते.

"एकोणचाळीस!" ती वर न बघता म्हणाली. "चार दिवस घासतेय. उद्यापर्यंत अडतीस करते की नाही बघ."

"तू अडतीस केलेस की ते छत्तीस करतील."

"तेव्हाचं तेव्हा." मग तिचा हात थांबला. "कारखान्यात बोलतात ते खरं? चार सेकंद द्यायचास मला?"

"सगळ्यांना."

"मेल्या, मला वाटलं मला एकटीला." ती हसली. मग पदरानं डोळे पुसले. "एकतीस वर्षं शिव्या खाल्ल्यास आणि बोलला नाहीस."

"बोललो असतो तर मोजावे लागले असते. शीव आता. नेहमीसारखी."

तिनं शिवलं. शिलाई संपता संपताच बोटांनी कॉलर उलटवली. काकांचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

"बघितली नाहीस."

"काय?"

"उलटवण्याआधी तू धरून बघतेस."

"मी? कधी?"

"रोज. वीस वर्षं. पुन्हा शीव."

तिनं पुन्हा शिवलं. पुन्हा हात थेट पुढे गेला. तिसऱ्यांदा ती मुद्दाम थांबली, पण काकांकडे बघत थांबली. ते मोजण्यात अर्थ नव्हता. चौथ्या कॉलरचं टोक वाकडं निघालं. दोघांनीही ते पाहिलं. तिनं ती कॉलर ढिगाखाली सारली.

"दादा, मला नाही रे जमत आता. हात ऐकत नाहीत."

"घाई नाही," काका म्हणाले. असं ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते.

दुपार कलेपर्यंत तिनं तेवीस कॉलरी शिवल्या. शेवटची सदतीस सेकंदांत झाली. काका घड्याळ धरून मागे उभेच होते. वही मशीनच्या कडेला उघडी होती. अकराव्या ओळीपुढे त्यांनी "वेळ" लिहून ठेवलं होतं. त्यापुढची जागा कोरी होती.