वाटा मागा

नेऱ्यात मी ज्या काकूंकडे भाड्यानं राहते, त्यांच्या ओसरीत बसून मी एक खेळ बनवला. पुठ्ठ्याचा पट, त्यावर शेतं, शेतांमधून पायवाटा आणि टोकाला धरण. धरणाशी पोचलात की पाणी मिळायचं. पाणी म्हणजे चिंचोके. दर डावाला एक पत्ता उचलायचा आणि त्यावर लिहिलंय ते करायचं. कासारसाईच्या धरणावर बसल्याबसल्या सुचला, एवढंच त्याचं मूळ.

मी परभणीची. हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे लोकांच्या चुका काढायचा पगार घेते. तिथली एक खोड मी घरी आणली. खेळात काहीही बदललं तरी जुनी आवृत्ती टाकायची नाही. नवा क्रमांक द्यायचा, काय बदललं आणि का ते लिहायचं. काकू हसायच्या. "लेकराचं बाळसं लिवावं तसं लिवतीस गं बाई."

एका छोट्या प्रकाशकानं खेळ बघायला मागितला आणि नेमका तेव्हाच खेळ मेला. सोमवारी पाठवायचा होता. पूर्वी ज्या खेळापायी काकू-काका जेवणाची ताटं थांबवायचे, त्याच खेळात आता दोघं जांभया देत होते. पट मांडला की काका "जरा म्हशीकडं बघून येतो" म्हणून उठायचे. म्हैस त्यांनी केव्हाच विकली होती!

मला भयंकर चीड आली. प्रत्येक आवृत्ती आधीच्यापेक्षा नीटनेटकी होती, मग मजा गेली कुठे? पट बदलून पाहिला, शेतं कमी केली, पत्ते वाढवले. काही उपयोग नाही. शेवटी रविवारी सकाळी दोघांना हातापाया पडून बसवलं आणि ऑफिसातली रीत वापरली. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्या बरोबर मधली काढायची, खेळायची. काकूंना जांभई आली तर आणखी मागे जायचं. काकू रंगात येऊन ओरडल्या तर थोडं पुढे यायचं. जगात कुणाच्या जांभईकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नसेल.

आठव्या आवृत्तीत काकू ओरडल्या. नवव्या आवृत्तीत जांभई. तिच्यापुढे मीच लिहिलं होतं: "एक शब्द दुरुस्त. नियम तोच."

एका शब्दानं खेळ मरतो होय? मी दोन्ही पत्ते शेजारी ठेवले. नव्यावर होतं "रस्ता मागा". जुन्यावर होतं "वाटा मागा". दुसऱ्याच्या शेतातून जायचं तर त्याच्याकडे पायवाटा मागायच्या, असं मला म्हणायचं होतं. आमच्याकडे गुंठाभर जमीन नाही, वडील शिक्षक. मला वाटा म्हटलं की पायाखालच्याच दिसतात.

काकूंना तो पत्ता आला की त्या काकांपुढे पंजा पसरायच्या. "आना हिकडं माझा वाटा!"

"कशाचा वाटा? पानी मी आनलंय."

"बांधाला बांध हाय का न्हाई आपला? निम्मं टाका."

"निम्मं? पाव घे, न्हाईतर ऊठ."

आणि मग जी जुंपायची! चिंचोक्यांवरून शिव्याशाप, रुसवे, हसून हसून डोळ्यांत पाणी. ते मला चुकीचं वाचन वाटलं होतं, म्हणून मी "रस्ता" केला. रस्ता मागितला, रस्ता मिळाला, विषय संपला.

"काकू, सापडलं!" मी टाळीच वाजवली. "तुम्ही चुकीचं वाचत होता, म्हणून खेळ रंगत होता."

"चुकीचं कसं? वाटा म्हंजे वाटाच की."

"पण मागायला एवढं काय आवडतं तुम्हाला?" मी खरंच कुतूहलानं विचारलं. काका उठले आणि यावेळी कारण न सांगताच बाहेर गेले.

काकू चिंचोके गोळा करत राहिल्या. "माज्या माहेरची जिमीन इकली ना, तवा हक्कसोडीवर सही क्येली मी. भाऊ म्हनला, अक्का, एवढी सही कर. क्येली. वाटा मागितला असता तर माहेर तुटलं असतं. लई वाटलं तवा, पन त्वांडातनं शबूद काढला न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हितं तरी मागू दे की गं."

मी जुने पत्ते पिसले आणि वाटले. काकूंना तो पत्ता लवकरच आला. त्यांनी माझ्यापुढे पंजा पसरला. मी माझे होते नव्हते तेवढे सगळे चिंचोके उचलून त्यांच्या हातावर ठेवले.

त्यांनी ते तसेच्या तसे माझ्यापुढे ओतले.

"अशी मुकाट देऊ नगंस," त्या म्हणाल्या. "आदी न्हाई म्हन."