न टोचलेल्या लशीचा दाखला

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; पण ज्या तपासात मला स्वतःच बाही वर करून सुईपुढं बसावं लागलं, असा तपास तो एकच.

महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. मी कडेगावकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. आठवड्याच्या बाजाराचा दिवस, सकाळची हजेरी नुकतीच झालेली. एक पेन्शनर सुभेदार आत आले. पन्नाशी ओलांडलेला, मिशीला पीळ दिलेला ऊस-बागायतदार. युद्धात इजिप्तपर्यंत जाऊन आलेले. खुर्चीवर बसायला तयार होईनात.

"सायेब, खबर द्यायची हाय. पर माज्या दोस्ताला बेड्या पडायच्या न्हाईत."

"आधी खबर सांगा. बेड्यांचं नंतर बघू."

त्यांचा दोस्त म्हणजे गावातला अत्तार. बाजारपेठेत अत्तर-उदबत्तीचं दुकान, भला माणूस. तो, त्याची बायको आणि म्हातारी आई हजला निघाली होती. मुंबईच्या बंदरातून बोट. बोटीवर चढायला देवीची लस आणि पटकीची इंजेक्शनं घेतल्याचा दाखला लागे. तो दाखला अत्तारानं सुभेदारांना मोठ्या हौसेनं दाखवला होता.

"परवाच टोचल्याचं लिवलंय सायेब. म्या आनंदानं त्याचं दोन्ही दंड गच्च धरून हलवलं, तर गडी नुसता हसतोय! आमास्नी बोटीवर चढायच्या आदी टोचलं तवा तीन दिस हात वर हुईना. त्याला टोचल्यालंच न्हाई. मुंबईत गोरा-काळा कुनीबी डाक्टर दंड बघंल आनि म्हातारीला धक्क्यावरनं माघारी धाडंल. लय वर्सं वाट बगितलीया तिनं."

मी अत्ताराच्या घरी गेलो. कागदपत्रं तपासायची आहेत, एवढंच सांगितलं. तीन दाखले, दवाखान्याचा शिक्का, खाली डॉक्टरांची सही. सगळं बिनचूक. पण तारीख वाचून मी थबकलो. ठाण्यात परत येऊन स्टेशन डायरी उघडली. त्या दिवशी आमचे डॉक्टर एका मारामारीच्या खटल्यात साक्षीला साताऱ्याच्या कोर्टात होते. शेजारच्या बाकावर मी स्वतः बसलो होतो.

दवाखान्याच्या कंपाउंडरला बोलावून घेतलं. तिशीचा, गरीब स्वभावाचा माणूस.

"हे दाखले कुणी दिले?"

"डॉक्टरांनी, साहेब. सकाळी दहाला आले, मी पाणी उकळलं, सुया काढल्या, म्हातारीला स्टुलावर बसवलं, खिडकी लावून घेतली..."

खरं सांगणारा माणूस 'डॉक्टरांनी' म्हणून थांबतो. खोटं बोलणाऱ्याला खिडकीसुद्धा लावावी लागते. मी त्याला अडवलं नाही. चहा मागवला, कागद पुढं सरकवला आणि हेच सगळं तुझ्या हातानं लिहून दे म्हणालो. दोन ओळी लिहून त्याचा टाक थांबला. दाखल्यावरच्या सहीतलं वेलांटीचं वळण आणि या कागदावरचं वळण एकच होतं. मी डायरीतली नोंद त्याच्यापुढं धरली. त्याचा चेहरा पडला.

"साहेब, पैसा नाही घेतला. त्या म्हातारीनं माझ्या बायकोचं अडलेलं बाळंतपण सोडवलं. ती सुई घेईना, आणि तिच्यावाचून पोरगा जाईना. घरात दुसऱ्या कुणी टोचून घेतलं तरी ती हट्टाला पेटायची. अत्तार माझ्या पाया पडला. मी काय करणार?"

गुन्हा गुन्हाच होता. दाखले जप्त केले, जबाब लिहून घेतला, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आधी संतापले, मग बोटांवर दिवस मोजू लागले. देवीची लस टोचल्यावर काही दिवस जावे लागत, पटकीच्या दोन सुयांत आठवड्याचं अंतर लागे. आज टोचलं तरच बोट मिळणार होती.

डॉक्टरांना पेटीसकट घेऊन आम्ही अत्ताराच्या घरी गेलो. म्हातारी दारातच उभी. सत्तरीची, काटक.

"आजी, सुईला भिता?"

"म्या? हजार नाळा कापल्यात ह्या हातांनी! सुईला न्हाई, तुमास्नी भिते." तिनं माझ्या टोपीकडं बोट केलं. "आमी ल्हान हुतो तवा देवीवाला आनि पोलीस एकाच वाटंनं यायचं. शेतातनं वडून न्यायचं. दुखनार न्हाई म्हनायचं. माजा भाऊ त्यांच्या भ्यानं पळाला आनि हिरीत पडला. तवापास्नं ठरवलं, ह्यांच्या हातात हात द्यायचा न्हाई."

मी टोपी काढून कट्ट्यावर ठेवली, तिच्यासमोर बसलो आणि बाही वर केली. डॉक्टरांनी आधी देवीची लस टोचली, मग दुसऱ्या दंडात पटकीची सुई घातली. म्हातारी टक लावून माझ्या चेहऱ्याकडं बघत होती.

"दुखलं?"

"दुखलं, आजी. चांगलंच दुखलं."

ती खळखळून हसली. "खरं बोलनारा पैला पोलीस बगितला बाई! आवं डाक्टर, घ्या ह्यो हात." तिच्यामागून सून, मग अत्तार. अत्तारच सगळ्यात मोठ्यानं ओरडला.

मी अहवालात घडलं तेवढंच लिहिलं. दाखले कुठं वापरले गेले नव्हते, हेही लिहिलं. वरिष्ठांनी खात्यामार्फत चौकशी पुरेशी मानली. कंपाउंडरला दंड झाला आणि मेढ्याला बदली. जाताना तो म्हणाला, "साहेब, म्हातारी टोचून घेईल असं मला वाटलंच नव्हतं. मी तिला विचारलंच नाही."

दुसरा डोस झाला आणि मंडळी निघाली. स्टेशनवर अर्धा गाव जमला होता. खबर देणाऱ्याचं नाव मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतो. पण गाडी यायच्या आधी सुभेदारांनाच राहवलं नाही.

"गड्या, फौजदाराला म्या सांगितलं हुतं."

अत्तार शांतपणे म्हणाला, "मला म्हाईत हाय. आमास्नी धक्क्यावरनं माघारी धाडू नये असं वाटनारा गावात दुसरा कोन हुता?"

सुभेदारांनी तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. काही महिन्यांनी तिघंही सुखरूप परतली. धक्क्यावर बऱ्याच जणांना अडवलं होतं, यांना नाही, असं म्हातारी घरोघर सांगत फिरली.

पोलिसाला सवय असते, खबर आली की तिच्यामागचं वैर शोधायची. बहुतेक वेळा ते सापडतंही. पण त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक खबर देणाऱ्याला एक प्रश्न विचारत आलो: "यातून काय घडावं असं तुम्हाला वाटतं?" कुणी म्हणे, त्याला आत टाका. कधीतरी एखादा खाली मान घालून म्हणे, त्याला वाचवा. अशा माणसाला मी आधी खुर्ची द्यायचो.