सेपोलाने मागितलेलं वर्ष

मांगेरे या उपनगरातल्या सामोअन लोकांच्या चर्चचं गायनमंडळ सेपोला बावीस वर्षं चालवत होती. दिवसा विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची आणि संध्याकाळी चाळीस गळे एका सुरात आणायची. दरारा असा की तिने हात वर केला की खोकलाही थांबायचा. त्या चाळिसांत तिचा खरा जीव धाकट्या भावाच्या गळ्यावर. लाफाएलेचा खर्ज लागला की बाकं थरथरतात, असं म्हातारे सांगत.

लाफाएलेच्या किडन्या सात वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, अंगभर खाज, आणि अलीकडे हाडांत ठणका. तालमीत तो भिंतीला टेकला की सेपोला सगळ्यांदेखत म्हणायची, "भिंत पडेल रे, नीट उभा राहा." सगळे हसत. तोही हसायचा.

मग एकदा सर्जनबाईंनी दोघांना बसवून समजावलं. मानेत चार बारीक ग्रंथी असतात. किडन्या बंद पडल्यामुळे त्या फुगून बेफाम झाल्यात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडतायत. गोळ्यांनी त्या आवरत नाहीत, तेव्हा काढलेल्या बऱ्या. आवाजाची नस शेजारूनच जाते. तिला इजा होण्याचा धोका आहे, पण थोडा.

सेपोलाने ऐकलं ते एवढंच. पुढच्या वर्षी चर्चला पन्नास वर्षं होणार होती. सिडनीहून, थेट सामोआतल्या आपियाहून मंडळं येणार होती. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "सोहळा होऊ दे. मग काय कापायचं ते कापू देत."

बहिणीचा शब्द त्यांच्यात भाऊ मोडत नाही. लाफाएलेने ऑपरेशन पुढे ढकललं. त्याच्या बायकोने, तालियाने, नणंदेशी बोलणं टाकलं.

सोहळ्याला तीन आठवडे होते. तालमीनंतर चर्चची पायरी उतरताना लाफाएलेचं मांडीचं हाड मोडलं. तो घसरला नव्हता, कोणी धक्का दिला नव्हता. नुसतं पाऊल टाकलं होतं. कडकन झालेला तो आवाज सेपोलाने मागून ऐकला.

मांडीत सळई बसली. सोहळा त्याच्याविना पार पडला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सेपोलाला त्यातलं काही आठवत नाही.

मानेचं ऑपरेशन त्यानंतर झालं. दुसऱ्या दिवशी लाफाएलेच्या ओठांना मुंग्या आल्या, बोटं वाकडी होऊन आखडली. हाडं इतके दिवस उपाशी होती, नर्सने सांगितलं, आता रक्तातलं सगळं कॅल्शियम तीच पितायत. सलाइनमधून थेंबथेंब कॅल्शियम चढू लागलं. सेपोला त्याची बोटं चोळत बसली. बोटं सैल पडली तेव्हा ती म्हणाली, "मला तुझा आवाज हवा होता. तुझी हाडं मी बघितलीच नाहीत."

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गायचं मलाही होतं, ताई. ते वर्ष थांबलो ते आपल्या दोघांमुळे. पण पाय दुखायचे तेव्हा तू लोकांना हसवायला नको होतंस."

सेपोला पुन्हा त्याची बोटं चोळू लागली.

खाज महिन्याभरात गेली, ठणका हळूहळू उतरला. आवाज परतला, पण तळाचे सूर आले नाहीत. पुढच्या तालमीला सेपोलाने मंडळासमोर उभं राहून सगळं सांगितलं, भिंतीचा विनोदसुद्धा. कोणी मान वर केली नाही. एका म्हाताऱ्याने घसा खाकरला आणि तालीम सुरू करू या म्हणाला.

आता मंगळवारी भावाला डायलिसिसला तीच नेते. तालिया दारात येऊन त्याचा डबा तिच्या हाती देते आणि त्याला कॅल्शियमच्या गोळ्या किती वाजता द्यायच्या ते सांगते. त्यापलीकडे बोलत नाही. सेपोलालाही अजून तिची माफी मागता आलेली नाही.