गच्चीवर औषध मारू नये

देवाशपथ सांगतो, पुढे लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी स्वतः हजर होतो. एखाद्या ठिकाणी हात सैल सुटला असेल, तेवढं सोडा.

किश्श्यांचं पिठ्या ढेकणासारखं असतं. सोमवारी जास्वंदीच्या देठावर कापसाच्या कणाएवढा ठिपका दिसतो, आपण म्हणतो ‘बघू’, आणि गुरुवारी फांदीच दिसत नाही. आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीत असे किस्से गच्चीवर साठलेत.

गच्चीवर चाळीसेक ड्रम आणि द्राक्षांचे जुने क्रेट. त्यात वांगी, भेंडी, वाल, जास्वंद. सांभाळणारे तिघं. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले जगताप तात्या, पिंपळगावची द्राक्षबाग मुलाच्या हवाली करून नातवांच्या शाळेसाठी इथे राहायला आलेले निकम भाऊ, आणि शाळेत विज्ञान शिकवलेल्या आहेर मॅडम. नियम एकच, रासायनिक औषध मारायचं नाही.

विरोधकही एकच. चेअरमन देवरे. राहतात गच्चीच्या बरोबर खाली. त्यांनी लेखी कळवलं होतं, “माझ्या घरात वरून एक जरी किडा आला, तर वार्षिक सभेत ठराव करून सगळे ड्रम खाली.”

याचा सगळ्यात मोठा धसका घेतला तात्यांच्या सूनबाईंनी. तात्यांनी नोकरीत तीस वर्षं छापलेले कागद भिंगातून तपासले. रिटायर झाल्यावर पहिला महिना ते घरातच होते. पोळी उजेडात धरायचे आणि “कडेला फिकी आहे” म्हणून बाजूला काढायचे. मग बाग आली आणि ते सकाळी सातला वर जाऊ लागले.

“बाग गेली तर मी माहेरी जाईन,” सूनबाई सांगायच्या. “माहेर सुरगाण्याला आहे. जीप भरली तरच सुटते. पण जाईन.”

*

तात्या प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी तपासतात. ढेकूण दिसला की साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने टिपतात. पान फारच खराब असेल तर तोडतात, पण फेकत नाहीत.

“दुसऱ्याची सही लागते,” म्हणाले. “एकट्याने बाद करता येत नाही.”

मी कपडे वाळत घालायला वर गेलो होतो. वांग्याच्या पानावर सही केली. पानाला लव असते, बॉलपेन अडकतो. भेंडीवर त्याहून वाईट.

*

भाऊंचा भरवसा दशपर्णी अर्कावर. दहा झाडांचा पाला, शेण, गोमूत्र, मिरचीचा ठेचा, लसूण, सगळं ड्रममध्ये महिनाभर कुजवायचं आणि रोज ढवळायचं.

विसाव्या दिवशी देवरेंच्या मुलीला बघायला निफाडकडचे पाहुणे आले. देवरेवहिनींनी चार उदबत्त्या लावल्या. वास गेला नाही, फक्त देवळात काहीतरी मेल्यासारखं वाटू लागलं.

मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मान वर केली. “दशपर्णी हाय का? किती दिस झाले?”

“वीस,” देवरे म्हणाले. तक्रारीसाठी त्यांनी दिवस मोजून ठेवले होते.

पाहुणे गच्चीवर गेले ते तासभर उतरलेच नाहीत. उरलेले पोहे वर पाठवावे लागले. जाताना भाऊंकडून आधीच्या अर्काच्या दोन बाटल्या घेतल्या आणि जिन्यातच होकार सांगितला.

“आता तरी तो ठराव मागं घ्या, साहेब,” भाऊ म्हणाले.

देवरे म्हणाले, “सोयरीक वेगळी, सोसायटी वेगळी.”

*

मग देवरेंच्या ओट्याखाली झुरळ निघालं. त्यांनी ते उपड्या ग्लासखाली झाकलं, पुरावा म्हणून, आणि आहेर मॅडमना बोलावलं.

मॅडम वाकून बघत म्हणाल्या, “याचं बागेत काय काम? तुमचं सिंक गळतंय. पाईप बदला, ओटा कोरडा ठेवा, झुरळं आपोआप कमी होतील.”

“हे वरूनच आलंय.”

“मग त्याला विचारा.”

वहिनींचा प्रश्न वेगळा होता. “पाहुण्यांच्या सेटमधलाच ग्लास सापडला का तुम्हाला?”

*

पांढऱ्या माशीसाठी भाऊंनी पिवळे चिकट सापळे टांगले होते. देवरे पाहणीला आले, दोन पावलं मागे सरले आणि एक सापळा पाठीला घेऊन तसेच भाजीबाजारात गेले. परत आले तेव्हा तात्या जिन्यात भिंग घेऊन उभे.

“हलू नका साहेब, मोजू द्या.”

देवरे उभे राहिले. दुसरं काय करणार? तात्यांनी दोनदा मोजलं आणि म्हणाले, “बाजारातही प्रादुर्भाव आहे.”

*

वार्षिक सभा रविवारी सकाळी गच्चीवरच झाली. सूनबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. देवरेंनी ठराव वाचला आणि म्हणाले, “बाग काढावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.” पहिला हात त्यांनीच वर केला. मागे सातआठ हात निम्मे वर आले.

तेवढ्यात देवरेंच्या बोटावर एक लाल किडा येऊन बसला. काळे ठिपके, हरभऱ्याच्या डाळीएवढा.

“हात खाली घेऊ नका,” आहेर मॅडम म्हणाल्या. “ढालकिडा आहे. मावा खातो. महिनाभर वाट बघतेय मी त्याची.”

“मग मी काय करू?”

“चला माझ्याबरोबर. हळू.”

देवरे हात वर धरून निघाले. मॅडम पुढे, सभा मागे. पाण्याच्या टाकीला वळसा घालून सगळे वालाच्या वेलापाशी आले. कोवळ्या शेंड्यावर काळा मावा गच्च बसला होता. देवरेंनी बोट शेंड्याला टेकवलं. किडा उतरला, थोडा फिरला आणि खायला लागला.

देवरे गुडघ्यावर बसले. तात्यांनी भिंग त्यांच्या हातात दिलं. मागचे हात एकेक करून खाली आले.

शेवटी देवरेंनी मान वर केली. चेहरा काळजीचा.

“मॅडम,” त्यांनी विचारलं, “हा मावा संपला तर याला आणखी कुठून आणायचा?”

आता कबूल करतो. यातलं खोटं एवढंच, की आमच्या सोसायटीत देवरे नावाचं कुणी राहत नाही. चेअरमन मीच आहे.