टिकटिक न करणारं इंजिन

गुपचूप मिस्त्रीच्या गॅरेजातून बाहेर पडलेली गाडी चालू आहे की बंद, हे बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कळत नसे. त्यावरूनच त्याला ते नाव पडलं. बाकी स्वतः तो काही गुपचूप नव्हता. गिऱ्हाईक दारात दिसलं की तोंडाचा पट्टा सुरू. इंजिनाची टिकटिक मात्र त्याची हाडवैरी. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, ती फट टिकटिकते. बाकीचे मेकॅनिक गेजची पोलादी पट्टी घालून ती मोजतात. हा बोटांनी ठरवायचा, थोडी घट्टच ठेवायचा आणि नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचा. म्हणजे हे आपलं काम, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. लोकांनी वीस वर्षं डोक्यावर घेतलं आणि हा पठ्ठ्याही चढून बसला.

त्याची वहिनी शाळेच्या मुलांची ने-आण करायची. तिच्या गाडीचं इंजिन जाम झालं, तेव्हा तिनं भंगारवाल्यांकडे हिंडून त्याच मॉडेलचं जुनं इंजिन मिळवलं आणि दिराच्या दारात टेम्पोतून उतरवलं. कुठून आणलं, असं त्यानं विचारलं. मिळालं, एवढंच ती म्हणाली. चार वर्षांपूर्वी दादा गेल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. चढावर टँकरला ओलांडताना दादाची गाडी मध्येच मंदावली आणि समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. डुलकी लागली असणार, असं सगळे म्हणाले. मिस्त्रीही म्हणाला, जरा जास्तच जोरात म्हणाला.

त्यानं इंजिन उघडून न बघताच बदललं आणि किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं, पण आवाज जवळजवळ नाहीच, नुसता दबका श्वास. गॅरेजातली म्हातारी कुत्री दोन्ही डोळ्यांनी आंधळी, दिवसभर टायरांच्या ढिगापाशी पडून असायची. ती उठली, धडपडत गाडीपाशी आली आणि ड्रायव्हरच्या दाराखाली शेपूट हलवत बसली. एवढी माया ती एकाच माणसावर करायची, बिस्किटाचा पुडा घेऊन येणाऱ्या दादावर. मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. म्हातारपणी कुत्र्यांनाही भ्रम होतो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वहिनी गाडी घेऊन परत आली. सपाटीला ठीक चालते, चढावर जीव टाकते, अशी तिची तक्रार होती. त्यानं चारही प्लग काढले आणि तिला गाडीत बसवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितलं. ती सेल्फ मारायची, तो प्लगच्या भोकावर अंगठा धरायचा. पहिल्या सिलिंडरच्या हवेनं अंगठा उडवला, दुसऱ्यानंही उडवला. तिसऱ्यातून अंगठ्यावर नुसती फुंकर आली, निजलेल्या माणसाच्या नाकासमोर बोट धरल्यावर लागते तशी. त्यानं दाब मोजायचा मीटर लावला. बारा, बारा, पाच, बारा.

तिसऱ्यात चमचाभर तेल ओतलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर आकडा वर चढला असता. तो जागचा हलला नाही. मग त्यानं त्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली, कारण हवा कुठून निसटते ते कानानं शोधता येतं. कुत्रीला ते आधी सापडलं. ती गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरपाशी मान वर करून उभी होती. मिस्त्री तिच्याशेजारी वाकला. बंद गाडीच्या आतून कुणीतरी लांब श्वास सोडत होतं, आणि तो श्वास संपत नव्हता.

म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह जळला होता. त्यानं वरचं कव्हर उघडलं. आठही नटांवर पिवळे ठिपके होते.

त्यानं खणातली गेजची पट्टी शोधून आणली, सगळ्यात पातळ पान त्या फटीत घालून पाहिलं. ते शिरेना. फट नव्हतीच. व्हॉल्व्ह कधी पुरता मिटलाच नव्हता आणि जळत गेला होता. कव्हर परत बसवून ‘रिंगा गेल्या’ म्हणणं सोपं होतं. जीभ तयारही झाली होती.

“इंजिनाचा नंबर ह्यांच्या गाडीच्या कागदांशी ताडूनच घेतलंय, भाऊजी,” वहिनी आतून म्हणाली. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून तिचे फक्त डोळे दिसत होते. “ह्यांना झोप लागली होती का?”

कॉम्प्रेसर अजून चालूच होता, आणि मागचा श्वासही.

“नाही, वहिनी,” तो म्हणाला. “दादा जागा होता. गाडीनंच दगा दिला, माझ्या हातच्या कामानं. चढावर ओढत नाही म्हणून त्या सकाळी त्याचा फोन आला होता. मी म्हटलं, चालव, सेटिंग बसेल आपोआप.”

तिनं किल्ली काढून मुठीत धरली.

“पोरीला वर्गात झोपाळूची मुलगी म्हणतात,” ती म्हणाली. “आता हे तिला तुम्हीच सांगायचं.”

चौथ्या दिवशी काम संपलं. नवा व्हॉल्व्ह, प्रत्येक फट पट्टीनं मोजलेली, नटांवर ठिपका नाही. त्याच संध्याकाळी पुतणी गॅरेजात आली. तिला स्टुलावर बसवून त्यानं सगळं सांगितलं, फोनसकट. तिनं एकच विचारलं, बाबा तेव्हा घाबरले असतील का. जागं माणूस घाबरतंच, असं तो म्हणाला.

वहिनीनं गाडी चालू केली. इंजिन टिकटिक करत होतं, भिंतीवरच्या घड्याळासारखं. मायलेकी निघून गेल्या. टायरांच्या ढिगापाशी कुत्रीनं कान टवकारले, क्षणभर ऐकलं आणि मान पुन्हा खाली टाकली. ती उठली नाही.